धून पुढे, गट मागे: स्वीडनच्या ‘वेसेन’ या लोकसंगीत गटाचा प्रकरण अभ्यास

‘पंच ब्रदर्स’ या अमेरिकन गटाने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अल्बममध्ये ‘फ्लिपेन’ नावाची, शब्द नसलेली एक धून आहे. मँडोलिन, बँजो, फिडल (म्हणजे लोकसंगीतातले व्हायोलिन), गिटार आणि डबल बास या वाद्यांवर ती वाजते, आणि ज्याला तिचे मूळ ठाऊक नाही असा श्रोता तिला ब्लूग्रास या अमेरिकन बाजातलीच एक अवघड चीज समजून पुढे जाईल. प्रत्यक्षात ती स्वीडनच्या ‘वेसेन’ या गटाची धून आहे, आणि तिच्यातल्या ज्या तिरकस लयीमुळे अमेरिकन वादकांना ती हवीशी वाटली, ती लय स्वीडिश नृत्यसंगीताची आहे. ‘योसेफिन्स दोपवाल्स’, म्हणजे ‘योसेफिनच्या बारशाचा वॉल्ट्झ’, हीदेखील याच गटाच्या गिटारवादकाची रचना आहे. आज आयरिश आणि अमेरिकन वादक आपल्या बैठकींमध्ये ती इतक्या सहजतेने वाजवतात की अनेकांना ती पारंपरिकच वाटते.

प्रस्तुत अभ्यासाचा विषय हाच आहे. १९८९ साली एकत्र आलेल्या, गायक नसलेल्या आणि बराचसा काळ तालवाद्यही नसलेल्या तीन वादकांच्या गटाने तीस वर्षे टिकून कारकीर्द केली. ती करताना गटाचे नाव जितके पसरले त्यापेक्षा गटाच्या धुना अधिक दूर गेल्या. हे कसे घडले, त्यातले कोणते निर्णय जाणूनबुजून घेतलेले होते, आणि या प्रकारच्या यशाची किंमत काय, हे प्रश्न लोकसंगीताच्या व्यवसायाकडे गांभीर्याने पाहणाऱ्या कोणालाही उपयोगी पडतील असे वाटते.

वाद्य आणि मुलूख

वेसेनची गोष्ट निकेलहार्पा या वाद्यापासून सुरू करावी लागते. स्वीडिशमध्ये ‘निकेल’ म्हणजे किल्ली किंवा कळ. हे गजाने वाजवायचे वाद्य आहे, पण त्यात बोटे थेट तारेवर ठेवत नाहीत. वाद्य पट्ट्याने गळ्यात अडकवून पोटाशी आडवे धरायचे, उजव्या हाताने आखूड गज चालवायचा आणि डाव्या हाताच्या बोटांनी खालच्या बाजूने लाकडी कळा दाबायच्या, अशी त्याची रीत आहे. प्रत्येक कळेवर लाकडाचा एक छोटा खुंट असतो, तो बाजूने येऊन तार अडवतो आणि त्या जागी सूर तयार होतो. आधुनिक निकेलहार्प्याला सोळा तारा असतात. त्यांपैकी तीन तारांवर धून वाजते, एक तार खर्जासारखी अखंड बोलू शकते, आणि उरलेल्या बारा तारा गजाने वाजवायच्याच नसतात, त्या नुसत्या अनुनादाने झंकारतात. सारंगीच्या किंवा दिलरुब्याच्या तरफा ऐकलेल्या मराठी श्रोत्याला या वाद्याचा नाद म्हणूनच परका वाटत नाही. कळांचा भाग समजून घ्यायचा तर मुंबईच्या बेंजो पथकांतले वाद्य, म्हणजे आपला बुलबुलतरंग, डोळ्यांसमोर आणावा. त्याच्या कळा दाबून गज फिरवता आला असता आणि खाली तरफा असत्या, तर जे झाले असते त्याच्या जवळपास हे वाद्य आहे. या दोन वाद्यांचा इतिहासाने एकमेकांशी काही संबंध नाही, ही तुलना केवळ कल्पना यावी एवढ्यापुरती.

गोटलंड बेटावरील शेल्लुंगे येथील चर्चच्या प्रवेशद्वारावर चौदाव्या शतकाच्या मध्यातले एक कोरीव काम आहे, त्यात हे वाद्य वाजवणाऱ्या दोन आकृती दिसतात असे मानले जाते. मात्र परंपरा अखंड टिकली ती स्टॉकहोमच्या उत्तरेकडील उप्पलांद या प्रांतात. तेथील लोखंडाच्या भट्ट्यांची गावे आणि शेतकरी वस्त्या यांच्या लग्नांत आणि नाचांत निकेलहार्पा वाजत राहिला. एकोणिसाव्या शतकात व्हायोलिन, आणि पुढे अ‍ॅकॉर्डियन, यांनी त्याला मागे रेटले. विसाव्या शतकात वाद्य वाचले ते त्याच्यात केलेल्या बदलांमुळे. १९२९ साली आउगुस्त बोलिन यांनी सर्व बारा स्वर वाजवता येतील असा कळांचा संच बसवला, आणि पुढे एरिक सालस्ट्रॉम (१९१२–१९८६) यांनी त्या घडणीला आजचे रूप दिले. सालस्ट्रॉम हे वाद्य घडवणारे, वाजवणारे आणि धुना रचणारे असे तिन्ही होते. १९७० च्या दशकात स्वीडनमध्ये लोकसंगीताची मोठी लाट आली, तेव्हा निकेलहार्पा स्वतः घडवायला शिकवणारे वर्ग गावोगाव भरू लागले. हौशी माणसे संध्याकाळी सुतारकाम करून स्वतःचे वाद्य बनवत आणि मग ते वाजवायला शिकत. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण वेसेनच्या पिढीला वाद्य मरणपंथाला लागलेल्या अवस्थेत मिळाले नाही, तर नुकतेच सावरून उभे राहिलेले आणि हौशी मंडळींनी भरलेले असे एक जग मिळाले.

त्या जगाचे काही नियम होते. चित्रकार आन्देर्स झोर्न यांनी १९०६ साली गेसुंदा येथे लोकवादकांची स्पर्धा भरवली होती. त्यांच्याच नावाचे पदक आजही परीक्षक मंडळासमोर एकट्याने वाजवून मिळवायचे असते, आणि रौप्य पदक मिळालेल्या वादकाला ‘रिक्सस्पेलमान’, म्हणजे राष्ट्रीय लोकवादक, असे म्हणतात. या व्यवस्थेत मान होता तो आपल्या गावची धून, आपल्या गुरूच्या वळणाने, शुद्ध वाजवण्याला. दुसरीकडे ‘स्पेलमान्सलाग’ नावाची हौशी वादकमंडळे होती, ज्यांत वीस-तीस जण एकच धून बहुतेक एकसुरात वाजवत. म्हणजे एका टोकाला एकटा वादक आणि दुसऱ्या टोकाला मोठा समूह. तीन जणांनी मिळून, प्रत्येकाने वेगळे काहीतरी करत वाजवण्याची सवय या दोहोंच्या मधल्या रिकाम्या जागेत होती.

गट कसा जमला

ऊलोव्ह योहानसन (निकेलहार्पा) आणि मिकाएल मारीन (व्हायोला) हे दोघे उप्पलांदचे आणि लहान वयापासून एकत्र वाजवणारे. रॉजर तालरोत हे गिटारवादक. नॉर्वेमधील रोरोस येथे १९८९ साली एका लोकसंगीत महोत्सवात तिघांनी रात्रभर एकत्र वाजवले आणि त्यातून पुढचे सारे घडले. १९९० साली ‘ड्रोन’ या स्वीडिश कंपनीने जो अल्बम काढला तो मुळात योहानसन यांचा एकट्याचा होता आणि त्याचे नाव ‘वेसेन’ होते. बाकीचे त्यात साथीला होते. अल्बमच्या नावावरूनच लोक या त्रयीला ओळखू लागले आणि तेच गटाचे नाव झाले. त्याच वर्षी योहानसन यांनी ओस्टरबीब्रुक येथे भरलेली पहिली निकेलहार्पा विश्वविजेतेपदाची स्पर्धा आधुनिक आणि जुन्या घडणीचे वाद्य अशा दोन्ही विभागांत जिंकली. ‘विश्वविजेता’ हा शब्द ऐकून हसू येणे स्वाभाविक आहे, कारण त्या काळी या वाद्याचे बहुतेक सारे वादक एका प्रांतातच राहत. तरीही परदेशी आयोजकाला पाठवायच्या पत्रात हा शब्द किती उपयोगी पडत असेल, याची कल्पना करता येते.

नावाविषयी दोन शब्द सांगायला हवेत. स्वीडिशमध्ये ‘वेसेन’ या शब्दाला सत्त्व, जीव, अमानवी अस्तित्व आणि गोंगाट असे अनेक अर्थ आहेत. गटाने पुढची कित्येक वर्षे या श्लेषावर अल्बमांची नावे बेतली: ‘विल्दा वेसेन’ (१९९२), म्हणजे रानटी जीव, फ्रेंच कंपनीसाठी केलेला ‘एसेन्स’ (१९९४), प्रत्यक्ष मैफलीतला ‘लेवांदे वेसेन’ (१९९५), म्हणजे जिवंत जीव, आणि ‘वॅर्ल्देन्स वेसेन’ (१९९७), म्हणजे जगाचे सत्त्व किंवा जगभरचा गोंगाट, जसे वाचाल तसे. विनोदाची ही वृत्ती त्यांच्या मैफलींतल्या निवेदनातही होती. गंभीर परंपरेचे राखणदार अशी मुद्रा त्यांनी कधी धारण केली नाही, आणि या वाद्याभोवतीचा आदरयुक्त अवघडलेपणा त्यामुळे बराच सैल झाला असे माझे मत आहे.

कामाची वाटणी

या प्रकरणाचा गाभा इथे आहे, म्हणून थोडे सविस्तर पाहू.

लोकसंगीताचा गट म्हटले की सामान्यतः एक मुख्य वाद्य धून वाजवते आणि बाकीचे साथ करतात. वेसेनमध्ये तसे दिसत नाही. निकेलहार्पा बहुतेक वेळा धून सांभाळतो हे खरे, पण मारीन यांचा व्हायोला एका जागी बसत नाही. स्वीडनमध्ये ‘स्तेम्मा’ वाजवण्याची, म्हणजे मुख्य धुनेला समांतर दुसरा स्वरपदर जोडण्याची, जुनी रीत आहे. मारीन तिथून सुरुवात करतात, पण पुढे गरजेप्रमाणे खर्जातली चाल धरतात, गजाने ठेका देतात, मध्येच धून स्वतःकडे घेतात, आणि पुन्हा निकेलहार्प्याच्या तरफांच्या झंकारात मिसळून जातात. व्हायोलिनपेक्षा थोडा मोठा आणि खालच्या सुरांचा हा व्हायोला शास्त्रीय वाद्यवृंदात बहुधा मधल्या रांगेत दबून असतो. इथे त्याला बास, दुसरे व्हायोलिन आणि तालवाद्य अशी तीन कामे आहेत.

तालरोत यांची गिटार बारा तारांची आहे आणि तिच्या जोड्या खालून वर ए-डी-ए-डी-ए-डी अशा लावलेल्या असतात. आपल्या भाषेत सांगायचे तर डी हा षड्ज धरल्यास ही लावणी पंचम-षड्ज, पंचम-षड्ज अशी होते. म्हणजे सुट्या तारा छेडल्या तर तंबोऱ्यासारखा भरलेला नाद येतो आणि त्यात गंधार नसतो. हा केवळ तांत्रिक तपशील नाही. पाश्चात्त्य गिटारवादक सवयीने प्रत्येक धुनेखाली शुद्ध किंवा कोमल गंधाराचा स्वरसमूह घालतो आणि त्यामुळे धून एका रंगात बांधली जाते. जुन्या स्वीडिश धुनांत मात्र काही स्वर मधलेच असतात, धड शुद्ध नाहीत आणि धड कोमलही नाहीत, आणि धुनेचा कल क्षणोक्षणी बदलतो. गंधार न ठरवणारी गिटार अशा धुनेला मोकळी ठेवते. १९७० च्या दशकात ज्यांनी लोकधुनांखाली सरधोपट गिटार वाजवली त्यांच्या ध्वनिमुद्रणांशी ताडून पाहिले तर फरक लगेच कानावर येतो. शिवाय सर्वांत खालची तार नेहमीपेक्षा बरीच उतरवलेली असल्यामुळे गटाला वेगळ्या बासची गरज पडली नाही.

आता लय. या संगीताचा मुख्य प्रकार म्हणजे पोल्स्का, तीन मात्रांचा नाच. नाव सांगते त्याप्रमाणे मुळात पोलंडकडून आलेला, पण स्वीडनमध्ये शतकानुशतके राहून पुरता स्थानिक झालेला. वॉल्ट्झ या तीन मात्रांच्याच नाचात पहिल्या मात्रेवर भार असतो. पोल्स्कात वादकाचा पाय बहुधा पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पडतो आणि दुसरी मात्रा हवेत राहते. काही प्रांतांत तर तीन मात्रांची लांबीही सारखी नसते. उप्पलांदच्या पोल्स्का त्या मानाने सरळ चालीच्या, पण भराभर स्वरांनी विणलेल्या असतात. तालरोत यांनी या लयीत गिटारचे आघात अशा जागी टाकले की श्रोत्याला सम कुठे आहे याचा क्षणभर भ्रम पडतो आणि मग पुन्हा धागा सापडतो. नाचणाऱ्याचा पाय मात्र चुकत नाही, कारण धून वाजवणारे दोघे गज त्या मात्रा नीट दाखवत असतात. ताल जाणणाऱ्या भारतीय श्रोत्याला हा खेळ विशेष आवडतो असे दिसते, आणि ते साहजिकच आहे.

वाटणीचा दुसरा भाग रचनेचा आहे. तिघेही स्वतः धुना रचत. सुरुवातीच्या अल्बमांत अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील वादकांच्या धुना, विशेषतः ब्यूस-काले (१७८३–१८४७) या नावाने प्रसिद्ध असलेल्या उप्पलांदच्या निकेलहार्पा-वादकाच्या रचना, मोठ्या प्रमाणात होत्या. हळूहळू नव्या धुनांचे प्रमाण वाढले. त्या नव्या धुना जुन्याच साच्यांत होत्या: दोन-तीन भाग, प्रत्येक भागाची पुनरावृत्ती, नाचता येईल अशी लय. एकदा ऐकून मनात राहणारी, पण हातात बसायला मेहनत मागणारी धून, ही त्यांची खूण. दुसऱ्याला उचलता येईल असा माल त्यांनी तयार केला, हे मी पुढच्या साऱ्या विवेचनाचे मुख्य कारण मानतो. ज्या गटाचे सारे वैशिष्ट्य ध्वनिमुद्रणातल्या आवाजात, वीजवाद्यांत किंवा एका गायिकेच्या गळ्यात असते, त्याची नक्कल होते, पण त्याचे संगीत दुसऱ्याच्या बैठकीत राहायला जात नाही.

समकालीनांनी घेतलेल्या वाटा

१९९० चे दशक स्वीडिश लोकसंगीतासाठी विलक्षण होते. ‘हेदनिंगार्ना’ या गटाने जुनी वाद्ये विजेवर चालवून, फिनलंडच्या गायिकांना सोबत घेऊन एक दाट, घुमणारा आवाज तयार केला, आणि १९९२ चा त्यांचा ‘काक्सी!’ हा अल्बम गाजला. सुंद्सवाल येथील ‘गार्मार्ना’ने मध्ययुगीन कथागीते रॉकच्या जवळ नेली. यॅम्टलंडच्या ‘होवेन ड्रोवेन’ने फिडलच्या धुना ढोलताशे बडवल्यासारख्या जोरात वाजवल्या. आणि ‘नॉर्डमन’ या जोडगोळीने निकेलहार्पा थेट पॉप गाण्यांत आणून स्वीडनमध्ये अफाट लोकप्रियता मिळवली. निकेलहार्प्याचा आवाज सामान्य स्वीडिश माणसाच्या कानावर पहिल्यांदा पडला तो बहुधा नॉर्डमनमुळेच, वेसेनमुळे नव्हे. हे मान्य केले पाहिजे.

वेसेनवरही या वातावरणाचा परिणाम झाला. १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर आंद्रे फेरारी हे तालवादक गटात आले आणि ‘वॅर्ल्देन्स वेसेन’, ‘ग्रोंत’ (१९९९) हे अल्बम चौघांचे झाले. फेरारी नेहमीचा ड्रमसंच वाजवत नसत. वेगवेगळ्या वस्तू जोडून केलेला त्यांचा संच होता आणि त्यांचे वादनही रंग भरण्याकडे झुकलेले होते. या काळातले संगीत मोठ्या मंचावर अधिक उठून दिसते हे निर्विवाद. तरीही २००३ साली गटाने ‘त्रिओ’ असे स्पष्ट नाव देऊन तिघांचाच अल्बम काढला आणि त्यानंतर मुख्यतः त्रयी म्हणूनच दौरे केले.

हा निर्णय माघार होता की निवड, याविषयी दोन मते संभवतात. दौऱ्याचा खर्च पाहिला तर तीन माणसे आणि हाताने उचलता येणारी तीन वाद्ये विमानाने नेणे सोपे, तालवाद्यांचा संच नेणे कठीण. महासागर ओलांडून वारंवार जाणाऱ्या गटाला हा हिशोब टाळता येत नाही. पण केवळ हिशोब एवढेच कारण असते तर संगीत पातळ झाले असते, आणि ‘त्रिओ’ ऐकताना तसे वाटत नाही. उलट, तालवाद्यासोबत काढलेल्या वर्षांनंतर तिघांच्या वादनात ताल आतून मुरलेला जाणवतो. व्हायोलाचा गज आणि गिटारचा आघात यांनी ती जागा वाटून घेतलेली दिसते.

मिनेसोटामार्गे अमेरिका

स्वीडनसारख्या लहान देशात केवळ लोकवाद्यसंगीतावर पूर्णवेळ जगणे अवघड आहे. सरकारी अनुदाने, नगरपालिकांच्या संगीतशाळांतील शिकवण्या आणि उन्हाळी महोत्सव यांच्या आधाराने वादक तग धरतात. वेसेनला दुसरे घर मिळाले ते अमेरिकेत. मिनेसोटा राज्यातील मिनियापोलिस येथे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘नॉर्थसाइड’ नावाची कंपनी केवळ नॉर्डिक, म्हणजे स्वीडन-नॉर्वेसारख्या उत्तर युरोपीय देशांचे, लोकसंगीत अमेरिकेत विकण्यासाठी सुरू झाली. तिने वेसेनच्या आधीच्या ध्वनिमुद्रणांतून निवडून ‘स्पिरिट’ (१९९७) हा संग्रह काढला आणि विविध नॉर्डिक गटांच्या धुनांच्या स्वस्त किमतीच्या नमुना सीडी बाजारात आणल्या. त्याच शहरातील सीडर कल्चरल सेंटर येथे १९९९ ते २००९ या काळात ‘नॉर्डिक रूट्स’ हा महोत्सव भरत असे. वेसेनच्या तेथील मैफलीचा अल्बमही निघाला.

मिनेसोटा हे राज्य स्कँडिनेव्हियातून आलेल्यांच्या वंशजांनी भरलेले आहे, त्यामुळे इथे बाजारपेठ सापडली यात नवल नाही असे कोणी म्हणेल. परंतु हे अर्धेच उत्तर आहे. पूर्वजांच्या आठवणीने येणारा श्रोता एकदा येतो, सीडी घेतो आणि समाधानाने घरी जातो. वेसेनला पुढे जो वर्ग मिळाला तो निराळा होता. तो फिडल, मँडोलिन आणि गिटार वाजवणाऱ्यांचा होता, ज्यांच्या घराण्यात कोणी स्वीडिश नव्हते. अमेरिकेत उन्हाळ्यात वाद्यसंगीताची शिबिरे भरतात, तिथे आठवडाभर शिकणे, शिकवणे आणि रात्री उशिरापर्यंत एकत्र वाजवणे चालते. नवी धून पसरायला याहून चांगली जागा नाही. स्वरलिपी नसली तरी चालते, दुसऱ्याच्या हाताकडे पाहत ती उचलता येते. ‘योसेफिनच्या बारशाचा वॉल्ट्झ’ अशा वाटेने पसरला. तो पोल्स्काइतका अवघड नाही आणि त्यातली हळवी चाल कोणत्याही तंतुवाद्यावर खुलते. मँडोलिनवादक माइक मार्शल आणि फिडलवादक डॅरोल अँगर यांनी २००७ साली वेसेनबरोबर संयुक्त अल्बम केला, तेव्हा दोन्ही बाजूंना एकमेकांच्या धुना आधीपासून ठाऊक असल्यासारखे ते वादन आहे.

कंपनी, महोत्सव आणि वादकांचे जाळे या तीन गोष्टी एकाच दशकात जुळून आल्या. त्यांपैकी पहिल्या दोन गटाच्या हातात नव्हत्या. तिसरी गटाने आपल्या धुनांमुळे कमावली, आणि टिकली तीच. सीडीचा बाजार ओसरला, २००९ नंतर महोत्सव थांबला, पण धुना वाजत राहिल्या.

बाहेरची कामे

तीस वर्षे तीच माणसे एकत्र राहिली याचे एक कारण असे की तिघांनीही गटाबाहेर भरपूर काम केले. योहानसन यांनी क्रोनोस या अमेरिकन तंतुवाद्य-चौकडीच्या १९९७ च्या ‘अर्ली म्युझिक’ या ध्वनिमुद्रणात निकेलहार्पा वाजवला आणि स्कॉटलंडच्या हार्पवादक कॅट्रिओना मके यांच्यासमवेत दीर्घकाळ जोडी जमवली. तालरोत नॉर्वेच्या हार्दांगर फिडल (तरफा असलेले तिथले फिडल) वाजवणाऱ्या आन्ब्योर्ग लिएन यांच्याबरोबर वाजवत. बाहेर भागवता येणारी हौस गटात भांडण होऊन बाहेर पडत नाही, हे नाटकमंडळ्यांपासून संगीतगटांपर्यंत सर्वत्र दिसते.

एका खास कामाचा उल्लेख मात्र गटाच्या खात्यातच करायला हवा. वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांच्या जन्माला २००७ साली तीनशे वर्षे झाली. लिनियस यांची बहुतेक कारकीर्द उप्साला येथे, म्हणजे वेसेनच्याच मुलुखात गेली. त्या निमित्ताने गटाने ‘लिनियस वेसेन’ हा अल्बम केला आणि त्यात लिनियस यांच्या काळाशी निगडित संगीत घेतले. जयंतीनिमित्त केलेली कामे बहुधा जयंतीबरोबरच संपतात. हे काम टिकले, कारण संशोधन आणि नाच यांत त्यांनी नाचाची बाजू सोडली नाही.

उतार आणि बदल

पुढच्या दशकात ‘माइंडसेट’ (२०१३), ‘ब्रूड’ (२०१७) आणि ‘रूल ऑफ थ्री’ (२०१९) हे अल्बम आले. वादनाचा दर्जा उतरला असे म्हणता येणार नाही, किंबहुना तिघांतली समज या काळात सर्वांत बारीक झाली. पण आश्चर्य कमी झाले. ज्याने सुरुवातीचे दोन-तीन अल्बम ऐकले आहेत त्याला पुढच्या धुनेचा दुसरा भाग कसा वळेल याचा अंदाज येऊ लागतो. ही त्याच घट्ट वाटणीची दुसरी बाजू आहे. प्रत्येकाचे काम इतके ठरलेले आणि इतके एकमेकांवर अवलंबून असते की त्यातले काही मोडल्याशिवाय नवे घडत नाही, आणि मोडण्याची कोणाला गरज वाटत नाही.

गाभ्यातला पहिला बदल ‘रूल ऑफ थ्री’नंतर झाला. तीन दशकांनंतर तालरोत बाहेर पडले आणि योहानसन व मारीन यांनी वेसेन हे नाव कायम ठेवून दोघांनीच पुढे वाजवायचे ठरवले. नाव कायम ठेवण्यावर आक्षेप घेता येईल. ज्या गिटारने गटाला उप्पलांदच्या बाकी वादकांपासून वेगळे केले, तीच नसेल तर वेसेन कशाला म्हणायचे? परंतु हे दोघे १९८९ च्या आधीपासून एकत्र वाजवत होते, म्हणजे एका अर्थी गट आपल्या आरंभाच्याही मागे गेला. ‘मेल्लिकेन’ या त्यांच्या अल्बममध्ये ऐकू येते ते असे की व्हायोलाने गिटारची जागा भरण्याचा प्रयत्न केलेला नाही. ती जागा मोकळी सोडली आहे, आणि निकेलहार्प्याच्या तरफा, ज्या पूर्वी गिटारच्या झंकारात अर्ध्या झाकल्या जात, आता पूर्ण ऐकू येतात.

वाद्याचे म्हणाल तर ते आता एका गटावर अवलंबून नाही. टोबो येथे एरिक सालस्ट्रॉम यांच्या नावाची संस्था १९९८ पासून निकेलहार्पा वाजवायला आणि घडवायला शिकवते. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने निकेलहार्प्याच्या वादन आणि निर्मितीच्या जाळ्याची नोंद संवर्धनाच्या उत्तम पद्धतींच्या यादीत केली. या मानाचे श्रेय सालस्ट्रॉम यांना, संध्याकाळच्या वर्गांना आणि शेकडो अनाम हौशी माणसांना जाते, आणि त्यात वेसेनचा वाटा किती हे मोजण्याचा प्रयत्न करणे व्यर्थ आहे.

त्याच २०२३ साली दोघांच्या वेसेनने ‘हॉकटेल’ या अमेरिकन गटाबरोबर एक ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केले. हॉकटेलमध्ये फिडल, मँडोलिन, गिटार आणि डबल बास आहेत, आणि त्यांचे बासवादक पॉल कोवर्ट हे पंच ब्रदर्सचेही बासवादक, म्हणजे २०१२ च्या ‘फ्लिपेन’मध्येही तेच होते. या वादकांनी आपल्यावरचा वेसेनचा प्रभाव कधी लपवला नाही. योहानसन आणि मारीन यांच्या शेजारी आता पुन्हा एक गिटार आहे. ती ए-डी-ए-डी-ए-डीच्या वळणाने बोलत नाही, तिचा हात अमेरिकन आहे, पण तिसऱ्या मात्रेवरचा भार ती बरोबर जागी देते.